गाव कुठलं? भिवंडीत आलेली विणकर कुटुंबं

धामणकर नाक्यावर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं की तीन-चार भाषा कानावर पडतात. पद्मानगरकडून येणारी तेलुगू, इथली मराठी आणि मागावरून सुटलेल्यांची उर्दू-भोजपुरी. आज आपण यातला एकच धागा धरणार आहोत, उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकर कुटुंबांचा.

जुन्या मोमीन घरात विचारलं, की तुमचे लोक कधी आले, तर बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘गदर के बाद’. म्हणजे १८५७. हे खोटं नाही. आझमगढ, मऊ, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यावर बंडानंतर जे ओढवलं, त्यात अनेकांनी घर सोडलं. पण एवढ्यावर थांबलो तर आपण फसतो. विलायती कापडानं तिथल्या हातमागाचं पोट आधीच मारलं होतं. पुढे दुष्काळही आले. म्हणजे येणं एकदाच झालं नाही, ते कित्येक वर्षं चाललं.

अमेरिकेतल्या जर्मन कुटुंबांचंही असंच आहे. कित्येक घरांत सांगतात, आमचे पणजोबा १८४८च्या क्रांतीनंतर पळून आले. खरे क्रांतिकारक निर्वासित काही हजारच होते. एकट्या १८५४ साली मात्र दोन लाखांवर जर्मन तिकडे उतरले, ते मुख्यतः जमिनीसाठी आणि भाकरीसाठी. घराण्याची आठवण मोठी तारीख पकडते. भाकरीची गोष्ट सांगायला कुणाला आवडतं?

बरं, भिवंडीच का? नकाशा बघा. मुंबईहून रेल्वे १८५३ला ठाण्यापर्यंत आली, पण अलाहाबादशी सलग जोडली गेली १८७०ला. तोवर वाट म्हणजे आग्रा रोड. धुळे, मालेगाव, भिवंडी, तिन्ही गावं त्याच रस्त्यावर, आणि तिन्ही ठिकाणी मोमीन विणकरांची वस्ती! दुसरं कारण सूत. १८५४ला मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरणीनं हातमाग मारला असं आपण शिकलो. पण गिरणीचं सूत विकत घेऊनच पुष्कळ हातमाग तगले, हे कमी सांगितलं जातं. भिवंडी त्या सुताच्या अगदी जवळ.

आता कुटुंब कशासाठी यायचं? हातमाग एकट्याचा धंदा नाही. बाप धोटा फेकतो, पण कांड्या बायका-मुलं भरतात, ताण्याला खळ द्यायला घर लागतं. एकटा पुरुष आला तर माग चालत नाही. विसाव्या शतकात यंत्रमाग आले, मजुरी महिन्यावर किंवा मीटरवर मिळू लागली, आणि मग एकटे पुरुष येऊ लागले, खोलीत दहा-बारा जण, बायको-पोरं गावी. दोघांनाही आपण सरसकट ‘युपीवाले’ म्हणतो. ही आमच्या मते मोठी चूक आहे.

शोध घेणाऱ्यांसाठी एक सूचना. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत ‘अन्सारी’ शोधू नका. ते आडनाव पसरलं विसाव्या शतकात. जुन्या नोंदीत ‘जुलाहा’ किंवा ‘मोमीन’ बघा. अमेरिकेत श्मिट शोधणाऱ्यालाही स्मिथ बघावं लागतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांना साल विचारण्याआधी माग कुठे होता ते विचारा. खड्ड्याचा माग असेल, तर विणकर जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचा. भाड्याच्या खोलीत असा खड्डा सहसा कुणी खणू देत नाही.