सुप्याच्या बाजारात जळालेले कागद

१२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतील कुणबी त्या बाजारी जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. इतिहासात हेच ‘दख्खनचे दंगे’ होत. जमावाचा मुख्य रोख मात्र धनधान्यावर नव्हता. त्याला हवी होती ती खते, कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ज्या सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले, त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. कागद मात्र भर रस्त्यात जाळण्यात आले.

कागदावर एवढा रोष का असावा? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला सोन्याचे मोल आले आणि सावकारांनीही हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यात १८६७ पासून इंदापूर व लगतच्या तालुक्यांत सरकारी सारा वाढला. कर्ज घेणे कुळाला भागच होते. परंतु कर्ज निराळे आणि फसवणूक निराळी. कर्ज आपत्तीतून उद्भवले; फसवणूक शिरली ती कागदातून.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरविली. व्याज साचून कूळ बुडू नये, हा त्यामागील हेतू. पण घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवी. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम अशा रीतीने निरुपयोगी ठरे. वसुली झाली तरी पावती मिळत नसे. कुळाला अक्षरओळख नव्हती. काय लिहिले आहे हे न कळताच ते निशाणी करी. पुढे तोच कागद न्यायालयात पुरावा ठरे आणि घर-जमिनीवर हुकूमनामा निघे.

दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम पाहिले. या कायद्याचे मर्म असे की, न्यायाधीशाने केवळ खत पाहून निकाल देऊ नये. व्यवहार मुळापासून तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे काढावे. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे, दिलेल्या रकमेची पावती मिळावी, दरसाल हिशेब मागता यावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगवास घडू नये, अशाही तरतुदी त्यात होत्या.

एवढ्याने सारे प्रश्न सुटले असे मात्र नव्हे. गहाणखतावर न्यायालयाची नजर पडू लागताच काही सावकार खरेदीखत लिहून घेऊ लागले. ‘पैसे फेडताच जमीन परत’ हे वचन तोंडी राही, विक्री तेवढी कागदावर उरे. अखेर, नावाने विक्री पण खरोखर गहाण असलेल्या व्यवहाराची छाननी करण्याचा अधिकारही कायद्याने न्यायालयांना द्यावा लागला. कायदा पुढे सरके, तशी लबाडीही नवी वाट शोधी.

सुप्याला जळालेल्या कागदांनी कर्ज नाहीसे झाले नाही. ऋणकोचे रक्षण पुढे झाले ते वाचून केलेल्या सहीने, हाती घेतलेल्या पावतीने आणि स्वतःपाशी ठेवलेल्या हिशेबाने. आज अंगठा कागदावर उमटण्याऐवजी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर टेकतो, आणि अटी वाचण्याआधीच संमती दिली जाते. साधन बदलले, तोंडी वचनावर विसंबून न वाचलेल्या मजकुराला मान्यता देण्यातील धोका १८७५ साली होता तेवढाच आजही आहे.