परमसाठी प्रोसेसर कोणता?

अमेरिकेने हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक दिला नाही, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. प्रोसेसर कोणता घ्यावा, हा आपल्या शाळेला पडणारा प्रश्न डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही पडला. त्यांनी ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर निवडले. एकच गणित अनेकांत वाटायचे. एकटी चिप क्रेपुढे किरकोळच. पण शेजारणींशी जोडण्यासाठी तिच्यातच चार दुवे होते. खरी काटकसर तिथेच! 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. पुढे इन्मॉसची नवी टी 9000 चिप लांबतच गेली. म्हणून 1994 च्या ‘परम 9000’ची रचनाच अशी ठेवली, की प्रोसेसर बदलता यावा. तीत सुपरस्पार्कही बसला, अल्फाही.