आरोग्यकेंद्रांतील सौरवीज आणि बॅटरीचा प्रश्न

सूर्यप्रकाशापासून प्रत्यक्ष वीज निर्माण करणाऱ्या सिलिकॉन घटाचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली केले. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. तेव्हापासून खेड्यातील दवाखान्यात सौरदिवा लागेपर्यंतचा वृत्तान्त सामान्यतः या घटाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु दवाखान्यापुरते पाहता तो मुख्यतः वीज साठविण्याचा आणि साठवणाऱ्या बॅटरीची निगा कोणी राखावयाची, या प्रश्नाचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली व्यापक लसीकरणाचा कार्यक्रम आरंभिला. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात राखणे अवश्य असते. विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या तेथे रॉकेलवर चालणारी शीतकपाटे वापरीत; परंतु त्यांतील तपमान स्थिर राहत नसे आणि रॉकेलचा पुरवठाही बेभरवशाचा असे. म्हणून १९८० नंतरच्या दशकात सौर शीतकपाटांच्या चाचण्या अनेक देशांत झाल्या. नासाच्या लुईस संशोधन केंद्राचा त्यांत मोठा वाटा होता.

या कपाटांचे सौरफलक वीस वर्षे वा अधिक टिकण्याजोगे होते. शिसे-आम्ल बॅटरी मात्र उष्ण हवेत थोड्याच वर्षांत निकामी होई. ती वारंवार पुरती उतरली, अथवा तिच्यात वेळेवर पाणी घातले गेले नाही, म्हणजे तिचे आयुष्य आणखी घटे. शिवाय लसीसाठी साठविलेल्या विजेवर दिवे, पंखे आदी इतर उपकरणेही जोडली जात. संच देणगीदाखल मिळाला, तरी नव्या बॅटरीच्या खर्चाची तरतूद पुष्कळदा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसे.

या अडचणीतून एक मार्ग निघाला तो बॅटरी वगळण्याचा. २००१ साली सुरू झालेल्या ‘सोलरचिल’ प्रकल्पात विजेऐवजी थंडावाच बर्फाच्या रूपाने साठविण्यात आला. २०१० च्या सुमारास अशा कपाटांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळू लागली. तथापि बर्फाने लस राखता येते, दिवा लावता येत नाही. आणि प्रसूती काही सूर्योदयाची वाट पाहत नाही. २००८ साली प्रसूतितज्ज्ञ डॉ. लॉरा स्टॅचेल यांनी उत्तर नायजेरियातील एका रुग्णालयात वीज गेल्यामुळे रात्रीच्या शस्त्रक्रिया खोळंबताना पाहिल्या. त्यानंतर पेटीत मावणारा जो सौरसंच त्यांनी व त्यांचे पती हॅल अॅरन्सन यांनी सिद्ध केला, त्यात बॅटरी अपरिहार्यच होती. प्रथम ती शिसे-आम्ल जातीची होती; पुढे लिथियमची आली.

दुसरा मार्ग बॅटरी राखण्याचा. छत्तीसगढच्या ‘क्रेडा’ या शासकीय संस्थेने ५७० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत प्रत्येकी २ किलोवॅटचे बॅटरीसह संच बसविले आणि देखभालीवर विशेष भर दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे संच असलेल्या केंद्रांत बाळंतपणांची संख्या इतर केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. हा सर्व परिणाम विजेचाच, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येणार नाही. कारण केंद्रांची मूळ परिस्थितीही भिन्न असू शकते.

कनिष्ठ व कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १०० कोटी लोकांची आरोग्यकेंद्रे विजेविना वा अनिश्चित विजेवर चालतात, असे जागतिक आरोग्य संघटना व अन्य संस्थांनी २०२३ साली नमूद केले. या विषयाच्या अभ्यासकाने केवळ संच बसविल्याच्या आकड्यांवर विसंबू नये. बॅटरी केव्हा बदलली आणि तिचे पैसे कोणत्या खात्यातून आले, हे देखभालीच्या नोंदवह्यांतून शोधावे. त्याशिवाय रात्री दिवा खरोखर लागत होता किंवा नाही, हे सांगता येणार नाही.