सहापैकी दोन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा गावातून १९७४ साली एका पेटीत घातलेल्या तीन छोट्या पुस्तिका विक्रीला आल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाची ही पहिली आवृत्ती; पहिली छपाई १,००० संचांची. उघडली आणि खेळायला बसलो, अशी पूर्ण लिहिलेली मोहीम पेटीत नव्हती. तिसऱ्या पुस्तिकेत नमुन्याचे नकाशे होते, आणि पहिल्या पुस्तिकेत खेळ चालवणाऱ्याला एक काम नेमून दिलं होतं: भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे काढा, त्यांत राक्षस आणि खजिने ठेवा, आणि कुठे काय आहे याची टिपणं करा.

हे कसं करायचं, ते तिसऱ्या पुस्तिकेत सांगितलं आहे. महत्त्वाचे खजिने आधी विचारपूर्वक ठेवायचे. उरलेल्या प्रत्येक खोलीसाठी सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर तिथे राक्षस. राक्षस असलेल्या खोलीत पुन्हा फासा. १ ते ३ पडले तर खजिनाही. म्हणजे फाशावर सोडलेल्या सुमारे दोन तृतीयांश खोल्यांत राक्षस नाही.

पुढच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की या प्रमाणाचा माग लागतो. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’च्या पहिल्या परिशिष्टात फासा वीस बाजूंचा झाला: १ ते १२ पर्यंत खोली रिकामी, राक्षसाच्या वाट्याला १३ ते १७. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत पुन्हा सहा बाजू आल्या: १-२ राक्षस, ३ सापळा, ४ काही खास, ५-६ रिकामी. राक्षसाचा वाटा १९७४ इतकाच. सापळा आणि खास गोष्ट यांना मात्र स्वतंत्र घर मिळालं. मधल्या काळात माइक कार यांच्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’ या छापील मोहिमेने हाच धडा सरावातून दिला: खोल्यांची वर्णनं छापलेली, पण राक्षस आणि खजिना लिहिण्याच्या जागा कोऱ्या.

रिकाम्या खोल्या का हव्यात, याचं उत्तर १९८१ च्या नियमांतल्या वेळेच्या हिशोबात सापडतं. एक पाळी दहा मिनिटांची. मशाल सहा पाळ्या टिकते. दर दोन पाळ्यांनी फासा टाकायचा. १ पडला की भटका राक्षस समोर. त्यामुळे रिकामी खोली धुंडाळण्याचीही किंमत मोजावी लागते. शिवाय खजिन्यातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण मिळतो. लढाई टाळून खजिना उचलणं शहाणपणाचं ठरतं, आणि त्यासाठी दबा धरायला, वळसा घालायला, पळायला मोकळी जागा लागते.

१९८१ च्या नियमांवर उभ्या असलेल्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ या २०१९ च्या संचातही सहा वाट्यांची तीच विभागणी आहे: दोन राक्षसाला, दोन रिकाम्या खोलीला, एक सापळ्याला, एक खास गोष्टीला. घरी मोहीम रचणारा आज राक्षस आपल्या मनाचे घेतो, कथाही आपली रचतो. पण हा तक्ता वापरला की खोल्यांची वाटणी जुन्या पानावरून येते. १९७४ च्या पेटीने तयार मोहिमेऐवजी मोहीम रचण्याची रीत हाती दिली. ती एका फाशात मावेल इतकी साधी होती, म्हणूनच नव्या हातांना ती पुन्हा पुन्हा वापरता आली.