शिडाच्या नौकेची गती

शिडाच्या नौकेला वारा मागून ढकलतो, ही समजूत वारा पाठीमागून असतानाच खरी ठरते. इतर वेळी नौका चालते ती हवा आणि पाणी या दोन प्रवाहांच्या वेगांतील फरकावर. शीड हवेत काम करते. तळाच्या मध्यरेषेवरचा खोल कणा आणि सुकाणू पाण्यात. या दोहोंपैकी एक जरी नसले तरी वाऱ्याच्या दिशेकडे चढत जाणे अशक्य होते.

वाऱ्याशी थोडा कोन करून धरलेले फुगीर शीड हवेचा प्रवाह वळवते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार शिडावर उलट दिशेचे बल येते. हेच दाबाच्या भाषेत सांगायचे तर शिडाच्या वाऱ्याआडच्या बाजूने हवा वेगाने वाहते व तेथील दाब घटतो, वाऱ्याकडच्या बाजूला तो वाढतो. दोन्ही वर्णने एकाच बलाची असल्याने त्यांतले खरे कोणते हा वाद व्यर्थ आहे. मात्र फुगीर बाजूचा रस्ता लांब असल्यामुळे तिकडची हवा दुसऱ्या बाजूच्या हवेला गाठण्यासाठी वेगाने पळते, हे पुष्कळदा दिले जाणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. पातळ कापडाच्या दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखीच असते आणि हवेने एकदमच पोहोचावे असे बंधनही नसते. प्रत्यक्षात वाऱ्याआडची हवाच आधी पोहोचते.

प्रवाह शिडाला चिकटून वाहतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे छोटे धागे चिकटवतात. दोन्ही धागे मागे सरळ उडत असले तर शीड योग्य कोनात आहे. वाऱ्याआडचा धागा फडफडू लागला किंवा खाली लोंबला, तर दोर फार आवळला गेला आहे. प्रवाह शिडापासून सुटून भोवरे होत आहेत. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीड फार सैल आहे.

वाऱ्याकडे चढताना शिडावरचे बल बहुतांशी आडवे असते, पुढे नेणारा अंश थोडा. त्या आडव्या बलाला कणा अडवतो. नौका किंचित तिरकी सरकत असल्याने पाणी कण्यावर काही अंशांच्या कोनात येते आणि शिडाप्रमाणेच कण्यावरही आडवे बल निर्माण होते, फक्त उलट दिशेने. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने शिडाच्या मानाने लहानसा कणा पुरतो. दोन्ही बलांचे आडवे अंश एकमेकांना निष्प्रभ करतात व पुढचा अंश शिल्लक राहतो.

नौकेला जाणवणारा वारा खऱ्या वाऱ्याहून वेगळा असतो, कारण त्यात तिच्या स्वतःच्या वेगाने निर्माण झालेला समोरचा वारा मिसळतो. वारा १२ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि नौकेचा वेग ६ नॉट धरू. वारा बरोबर बाजूने असेल तर जाणवणारा वारा सुमारे १३.४ नॉट होतो व त्याची दिशा नाळेकडे सरकते. वारा मागून असेल तर उरतात फक्त ६ नॉट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पहिल्या स्थितीत तो दुसरीच्या पाचपट भरतो. पाठीमागचा वारा सर्वांत सोयीचा खरा, पण सर्वांत वेगवान नव्हे.

थेट वाऱ्यात मात्र कोणतीच शिडाची नौका जात नाही. साधारण नौका वाऱ्याच्या दिशेपासून ४५ अंशांपर्यंत जाऊ शकते. त्याहून जवळ गेल्यास शीड नुसते फडफडते. म्हणून वाऱ्याकडचे ठिकाण गाठायला नागमोडी मार्ग घ्यावा लागतो आणि १० सागरी मैलांसाठी सुमारे १४ मैल कापावे लागतात. चौकोनी शिडांच्या जुन्या युरोपीय जहाजांना सुमारे ६५ अंशांच्या आत जाणे कठीण असे. कोकण किनाऱ्यावरच्या गलबतांचे तिरप्या आडकाठीवरचे शीड या बाबतीत सरस होते. मात्र ती जड आडकाठी डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागत असल्याने तांडेल बहुधा वाऱ्याकडे पाठ करून वळण घेत. वारा पडला तर मराठा आरमाराच्या गलबतांना वल्ह्यांचा आधार असे; अशी चाळीस-पन्नास वल्ही असल्याची नोंद अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केली आहे.

शिडावरचे आडवे बल उंचावर आणि कण्यावरचे पाण्याखाली लागू होत असल्याने नौका कलते. तिला सावरतात ते कण्यातील जड धातू किंवा तळाशी भरलेले नीरम (तोल राखण्यासाठीचे वजन) आणि कवचाची रुंदी.

वेगाला खरी मर्यादा घालते ती नौकेनेच उठवलेली लाट. लाटेची लांबी वेगाबरोबर वाढते, आणि ती पाणरेषेच्या लांबीइतकी झाली की नौका आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. पाणरेषा ९ मीटर असेल तर ही वेळ सुमारे ७.३ नॉटला येते. लांब नौका आखूड नौकेहून वेगवान ठरते, ती याच कारणाने.

कवच पाण्याबाहेर उचलले की ही अडचण उरत नाही. त्यासाठी पाण्याखाली विमानाच्या पंखासारखी पाती बसवतात. २०२१ च्या अमेरिकाज कप शर्यतीतील नौका अशा पात्यांवर धावल्या. पॉल लार्सन यांच्या ‘व्हेस्टास सेलरॉकेट २’ या नौकेत शीड व पाण्यातले वाकडे पाते अशा रीतीने बसवले होते, की त्यांच्या बलांनी नौका कलतच नसे. तिने २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातील वॉल्व्हिस बे येथे ५०० मीटर अंतरावर सरासरी ६५.४५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटरचा विक्रम केला. त्या वेळच्या वाऱ्याच्या वेगाच्या दुपटीहून तो जास्त होता.