मोतीबाजारातला एक शुक्रवार

दोह्याच्या सूक वाकिफमध्ये ऑगस्टच्या संध्याकाळी अंगाला चिकटणारा दमट उकाडा तुमच्या ओळखीचा आहे ना? तोच अंगावर घेऊन चला, मुंबईला. साल १८९३. रियाल घरीच ठेवा, तिथे ते कुणी घेणार नाही. रुपया घ्या, तो कतारमध्येही १९६६पर्यंत चालत होता.

उतरलात? जपून, चिखल आहे. ही शेख मेमन स्ट्रीट. श्रावण तोंडावर आलाय. ओलं तागाचं पोतं, घोड्यांची लीद, हिंग आणि मोगरा यांचा वास एकदमच नाकात शिरतो. पलीकडे काळबादेवीवरून घोड्यांची ट्राम खडखडत जातेय. हमालाचा धक्का बसला तर रागावू नका, इथे वाट अशीच मिळते.

त्या पेढीत डोकवा. आखाती समुद्रातले मोती लाल फडक्यावर पसरलेत. एक अरब, एक गुजराती; दोघांचे हात रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरतोय, तोंडातून शब्द नाही. रुमालाखालच्या त्या बोटांना एकमेकांचा केवढा भरवसा!

आज ११ ऑगस्ट, शुक्रवार. जुम्मा मशिदीतल्या तलावावर लोक वुजू करतात. पण बाजार आज दबकून बोलतोय, ऐका. काठेवाडात प्रभासपाटणला मोहरमात हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. तेव्हापासून मुंबईत दोन्हीकडे सभा भरतात, वर्गण्या गोळा होतात, जो तो आपल्याच मेलेल्यांची नावं घेतो.

दुपारची नमाज संपते. जमाव हनुमान गल्लीतल्या देवळाकडे धावतो. दगड! फळ्या धडाधड बंद होतात. पळा, भिंतीला लागून पळा. चपला राहू द्या. दुसऱ्या दिवशी गिरण्यांतले हिंदू कामगार लाठ्या घेऊन बाहेर पडतात. आता मशिदी फुटतात. पलटणही रस्त्यावर आहे, गोळ्या सुटतात, आणि ओल्या रस्त्यावर दारूचा धूर हटता हटत नाही.

सुमारे ८० माणसं गेली.

दोष कुणाचा? सरकारी साहेब गोरक्षण सभांकडे बोट दाखवतात. ‘केसरी’तून टिळक सरकारच्या पक्षपाताकडे. कागदावरचं हे भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं.

मला विचाराल, तर दगड मारणारा सुटत नाही. हात त्याचाच होता. पण प्रभासपाटणची बातमी आल्यापासून हे शहर तापत होतं, आणि ते उघड दिसत होतं. सभांत ते तापवणारे पुढारी दोन्ही धर्मांचे होते. हिंदुस्थान हाती ठेवून बसलेल्या सरकारने हे वेळीच थोपवायचं, तर पलटण उतरली ती दंगल पेटल्यावर. जबाबदारी या पुढाऱ्यांची आणि सरकारची. मेले त्यांत गिरणीत आणि मागावर राबणारे होते; त्यांना कुठल्याच सभेत व्यासपीठावर कुणी बसवलं नव्हतं.