टिल्टिंग मॉड्यूल: कुळकथा आणि तिची मुंबईतील शाखा

साहचर्य बीजगणित म्हणजे जिच्या गुणाकारात कंस कुठेही घातला तरी उत्तर बदलत नाही अशी रेषीय रचना. ती एखाद्या सदिश अवकाशावर रेषीय क्रियांच्या रूपाने उतरली, की त्या अवकाशाला तिचे मॉड्यूल म्हणतात. एका बीजगणिताच्या मॉड्यूलांवरून दुसऱ्याची मॉड्यूले ओळखण्याच्या खटपटीतून टिल्टिंगची कल्पना निघाली.

तिचे मूळ १९७३ साली बर्नस्टाइन, गेलफांड आणि पोनोमारेव्ह यांनी मांडलेल्या परावर्तनात आहे. बिंदू व बाण यांच्या आकृतीत प्रत्येक बिंदूवर एक अवकाश आणि प्रत्येक बाणावर एक रेषीय चित्रण ठेवतात; अशी मांडणी म्हणजे त्या आकृतीच्या बीजगणिताचे मॉड्यूल. ज्या बिंदूला बाण केवळ येऊन मिळतात तेथील अवकाश काढून, येणाऱ्या चित्रणांनी एकत्रितपणे शून्यावर जाणाऱ्या सदिशांचा अवकाश तेथे बसवतात आणि ते बाण उलटे करतात. दोन बिंदू व एकच बाण असेल, तर पुढे न फुटणारी मॉड्यूले तीनच, मितींनुसार (१,०), (१,१) आणि (०,१). परावर्तनाने पहिल्याचे (१,१) होते, दुसऱ्याचे (१,०) होते आणि तिसरे नाहीसे होते. ऑसलँडर, प्लात्सेक आणि राइटन यांनी १९७९ मध्ये हे परावर्तन आकृतीच्या बंधनातून सोडवले, तर १९८० मध्ये ब्रेनर आणि बटलर यांनी त्याला व्यापक रूप व आजचे नाव दिले. हरवलेल्या मॉड्यूलाचा हिशेब ठेवणारी जोडक्रिया त्यांच्याच प्रमेयात आहे. हापेल आणि रिंगेल यांच्या १९८२ च्या लेखाने हा सिद्धांत स्थिरावला.

कुळाची दुसरी शाखा बीजगणितीय गटांकडे वळली व तिला मुंबईचे ऋण आहे. मूळ संख्या p ची प्रत्येक पट जेथे शून्य होते, अशा क्षेत्रावर p वा घात घेणे ही बेरीज राखणारी क्रिया ठरते. तिला सुसंगत परतीची वाट असणे म्हणजे फ्रोबेनियस-विभाजन. विक्रम मेहता आणि ए. रामनाथन या मुंबईतील गणितज्ञांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडून शुबर्ट प्रकार या बीजगणितीय गटांशी निगडित भौमितिक आकारांवरील शून्यता-प्रमेये सिद्ध केली. गटाच्या मॉड्यूलाचे ठरावीक मानक थर पडत असतील, तर अशा दोघांच्या टेन्सर गुणाकाराचेही तसेच थर पडतात, हे मात्यू यांनी १९९० मध्ये याच साधनाने सर्वत्र दाखवले. रिंगेल यांनी १९९१ मध्ये अशा थरांवरून टिल्टिंग मॉड्यूले उभी केली आणि डॉन्किन यांनी १९९३ मध्ये ती गटांसाठी मांडली; दोन टिल्टिंग मॉड्यूलांचा टेन्सर गुणाकार टिल्टिंगच राहतो, या त्यांच्या सर्वांत उपयुक्त गुणधर्माचा आधार मात्यूंचे प्रमेय आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून मुंबईत गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मेहता-रामनाथन यांचा तो लेख मुळातून वाचावा.